फिल्टरमध्ये कार्बन हवाच का? कधी घालायचा, किती घालायचा, कधी काढायचा

माशांच्या टाकीचा फिल्टर कार्बनशिवाय, म्हणजे सक्रिय कोळशाच्या सच्छिद्र दाण्यांशिवाय, चालतो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं जातंय, माशांची गर्दी नाही, खाणं मोजून पडतंय, अशा गोड्या पाण्याच्या टाकीतून कार्बन काढला तर काही बदललंय हे ना माशांना कळतं, ना बघणाऱ्याला. तरीही कार्बनचं एक सीलबंद पाकीट हाताशी असावं. औषधाचा कोर्स संपल्यावर किंवा टाकीत नको ते काही पडल्यावर त्याच्याइतकं पटकन कामाला येणारं दुसरं काही नाही. कार्बन फिल्टरमध्ये कायम ठेवायचा की कपाटात, हे ठरवण्यासाठी तो काय पकडतो आणि काय सोडून देतो, ते आधी नीट माहीत हवं.

कार्बन काय पकडतो

नारळाची करवंटी, दगडी कोळसा, लिग्नाइट किंवा लाकूड आधी हवेशिवाय जाळतात आणि मग ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत ठेवतात. त्यामुळे कोळशाच्या आत अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं. एक ग्रॅम चांगल्या कार्बनच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ ५०० ते १५०० चौरस मीटर भरतं. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय रेणू या भिंतींना चिकटून बसतात. साध्या जळाऊ कोळशात अशी छिद्रं फारच थोडी असतात, त्यामुळे घरचा कोळसा कुटून फिल्टरमध्ये घालण्यात काही अर्थ नाही.

या पद्धतीने पाण्यातून निघतात त्या गोष्टी अशा: ड्रिफ्टवुड (टाकीत सजावटीला ठेवलेलं लाकूड) आणि पानांमधून उतरणारं टॅनिन हे तपकिरी द्रव्य, जुन्या पाण्याचा पिवळेपणा, वास, रंगीत औषधं (मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन), बहुतेक प्रतिजैविकं, प्राझिक्वांटेलसारखी जंतांवरची औषधं, कीटकनाशकांचे अंश, अत्तर आणि रंगाच्या वाफांमधून पाण्यात उतरणारी रसायनं. क्लोरीनही जातो, पण तो चिकटून बसत नाही, कार्बनशी रासायनिक क्रिया होऊन संपतो. म्हणून नळाचं पाणी थेट टाकीत ओतावं आणि बाकीचं फिल्टरमधल्या कार्बनवर सोडावं असा अर्थ कुणी काढू नये. फिल्टरमधून सगळं पाणी फिरेपर्यंत माशांचे कल्ले भाजलेले असतात. क्लोरीन पाणी टाकीत जाण्याआधी मारायचा, डीक्लोरिनेटरने. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर आणखी जपायला हवं, कारण क्लोरामाइन फुटला की मागे अमोनिया उरतो आणि तो पकडणं कार्बनच्या आवाक्यातलं नाही.

आणि काय नाही

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, पाण्याचा जडपणा, मीठ यांपैकी कशावरही कार्बनचा मोजण्याजोगा परिणाम होत नाही. पाणी बिघडून मासे मरतात त्याची नेहमीची कारणं याच यादीत आहेत. अमोनिया चढलाय म्हणून नवा कार्बन घालणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे पाणी बदलणं, खाणं कमी करणं आणि अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंना फिल्टरमध्ये वाढू देणं हाच उपाय.

पाणी गढूळ आहे म्हणून कार्बन घालणारेही पुष्कळ. गढूळपणाची जात आधी ओळखा. दुधाळ पांढरं पाणी म्हणजे मोकळ्या जिवाणूंचा उद्रेक. नव्या टाकीत तो काही दिवसांत आपोआप बसतो. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ, त्याला यूव्ही दिवा किंवा ३-४ दिवसांचा पूर्ण अंधार. वाळू न धुता टाकल्याची धूळ असेल तर दाट फिल्टर फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा थर). कार्बनचा उपयोग फक्त चौथ्या जातीवर होतो: पाणी पारदर्शक आहे, पण चहाच्या पहिल्या धारेसारखं फिकट पिवळं.

हा पिवळेपणा रोज बघणाऱ्या डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या बादलीत टाकीचं पाणी काढा, शेजारी तशाच बादलीत तेवढंच ताजं पाणी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात वरून बघा. फरक दिसला तर कार्बनला काम आहे. नाही दिसला तर बहुधा नाही.

पाणी न बदलता कार्बनवर किती विसंबता येईल, त्याचा एक साधा हिशोब आहे. टाकीत दर आठवड्याला पिवळेपणा आणणारं द्रव्य सारख्या प्रमाणात तयार होतंय असं धरा. दर आठवड्याला ५० टक्के पाणी बदललं तर ते साचून साचून फार तर २ आठवड्यांच्या उत्पादनाइतकं होतं आणि तिथे थांबतं. २५ टक्के बदललं तर ४ आठवड्यांइतकं, १० टक्के बदललं तर १० आठवड्यांइतकं. म्हणजे २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलात की पाणी अडीचपट पिवळं होणार. कार्बन ही भर कमी करेल, पण त्याच पाण्यात नायट्रेटही त्याच हिशोबाने साचत असतं आणि त्याला कार्बन हात लावत नाही. पिवळेपणा निदान दिसतो तरी. तो नाहीसा करून आळशी वेळापत्रक झाकायचं, हा कार्बनचा सगळ्यात वाईट उपयोग.

खरी भानगड कार्ट्रिजची

टाकीच्या मागे टांगायच्या छोट्या फिल्टरमध्ये कार्ट्रिज येतं: प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर पांढऱ्या फ्लॉसची पिशवी आणि आत चमचा-दोन चमचे कार्बन. दोन ते चार आठवड्यांनी बदला, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. कार्बनपुरती ती मुदत बरोबरच आहे. अडचण अशी की त्याच फ्लॉसवर आणि त्याच कणांवर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसलेले असतात. छोट्या फिल्टरमध्ये त्यांना राहायला दुसरी जागाच नसते. कार्ट्रिज कचऱ्यात गेलं की निम्म्याहून जास्त वसाहत गेली. हे जिवाणू संथ वाढतात, अनुकूल परिस्थितीतही दुप्पट व्हायला साधारण दिवस घेतात. मासे मात्र पहिल्या दिवसापासून तेवढाच अमोनिया सोडत असतात.

मग दर महिन्याला एक ठरलेला प्रकार होतो. कार्ट्रिज बदललं, दोन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, एखादा गेला. लोक म्हणतात, पाणी लागलं. पाण्याचा दोष नसतो, महिन्याचं वेळापत्रक पाळल्याचा तो परिणाम असतो.

यातून सुटायचं असेल तर कार्ट्रिजच्या जागी कायमचा स्पंज बसवा. घाई न करता असं:

१. २० ते ३० पीपीआयचा (दर इंचाला तेवढी छिद्रं असलेला) खरबरीत फिल्टर स्पंज घ्या. भांडी घासायचा किंवा गादीतला फोम नको, त्यात जंतुनाशकं किंवा आग रोखणारी रसायनं असू शकतात. खाचेच्या मापापेक्षा ३-४ मिलिमीटर मोठा कापा म्हणजे दाबून बसेल. सैल राहिला तर पाणी त्याला वळसा घालून जातं.

२. जुनं कार्ट्रिज तसंच ठेवून स्पंज त्याच्या पुढे, पाणी आधी येतं त्या बाजूला बसवा. जागा नसेल तर कार्ट्रिजच्या वरच्या कडेला ब्लेडने चीर द्या, कार्बन ओतून काढा आणि चपटं झालेलं फ्लॉस चौकटीसकट परत बसवा. आता स्पंजला जागा होते आणि फ्लॉसवरचे जिवाणूही राहतात.

३. दोन्ही एकत्र ४ ते ६ आठवडे चालू द्या. या काळात स्पंज नळाखाली धरायचा नाही. पाणी मंदावलं तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळून परत लावा. स्पंज तपकिरी दिसायला लागला की चांगलं चाललंय असं समजा.

४. मग जुनं कार्ट्रिज काढा. काढल्यावर २४, ४८ आणि ७२ तासांनी अमोनिया व नायट्राइट मोजा. आठवडाभर खाणं निम्म्यावर आणा. एकूण अमोनिया ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा वर दिसला तर ३० ते ५० टक्के पाणी बदला, क्लोरीन मारलेलं. पीएच ८ च्या वर असेल तर आणखी आधी हालचाल करा, कारण पीएच चढतो तसा अमोनियाचा विषारी हिस्सा वाढत जातो.

पुढे तो स्पंज चिंधड्या होईपर्यंत बदलायचा नाही. वर्षानुवर्षं टिकतो.

टाकीत दोन फिल्टर असतील किंवा कॅनिस्टरमध्ये (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) सिरॅमिक रिंग्ज भरलेल्या असतील तर ही सगळी काळजी बरीच कमी होते. तिथे कार्बन वेगळ्या पिशवीत असतो आणि तो काढला-घातला तरी वसाहतीला धक्का लागत नाही. फिल्टर कोणत्याही जातीचा असो, कार्बन आणि जिवाणूंचं घर या दोन गोष्टी एकाच तुकड्यात नसाव्यात.

कार्बन कधी घालावा

औषधाचा कोर्स संपल्यावर. कार्बनचा हा सगळ्यात पक्का उपयोग. आधी ५० टक्के पाणी बदला म्हणजे निम्मं काम फुकटात होतं, मग कार्बन ४८ ते ७२ तास चालवा आणि फेकून द्या. कार्बन मिळालाच नाही तर एक-एक दिवस सोडून तीनदा निम्मं पाणी बदललं की औषध ५०, २५ आणि शेवटी १२.५ टक्क्यांवर येतं. बहुतेक औषधांसाठी तेवढं पुरतं. मीठ कार्बनने अजिबात निघत नाही, ते पाणी बदलूनच काढायचं. तांब्याच्या औषधाच्या बाबतीत कार्बनवर विसंबू नका, काही तांबं तो धरतो, काही सोडतो. तांब्याचं टेस्ट किट शून्य दाखवेपर्यंत कोळंबी किंवा गोगलगाय टाकीत सोडायची नाही.

बाहेरचं काही पडल्यावर. खोलीत कीटकनाशक फवारलं, भिंतींना रंग दिला, कुणी साबणाचा किंवा क्रीम लावलेला हात टाकीत घातला. अशा वेळी मिनिटांचा हिशोब असतो. हवेचा पंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलत असतो, म्हणून तो तात्पुरता बंद करा किंवा त्याची नळी बाहेरच्या हवेत न्या. पंप बंद असेपर्यंत फिल्टरच्या धारेने पृष्ठभाग हलता ठेवा. ५० टक्के पाणी बदला. कार्बन नेहमीच्या दुप्पट घाला आणि २४ तासांनी तो काढून नवा घाला. पहिला किती भरलाय ते बघून कळत नाही, त्यामुळे काटकसर नको.

नवं ड्रिफ्टवुड पाणी तपकिरी करत असेल आणि तो रंग आवडत नसेल तर. पण लाकूड आधी भिजवून किंवा उकळून घेतलं तर कार्बन कमी लागतो. न भिजवता टाकलेल्या मोठ्या ओंडक्यासमोर कार्बन आठवड्याभरात भरून जातो.

टाकीला वास येत असेल तर आधी कारण शोधा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे वाळूत किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये प्राणवायू पोचत नाहीये. कुजका वास म्हणजे कुठेतरी मेलेला मासा किंवा पडून राहिलेलं खाणं. कारण काढून टाकल्यावर उरलेला वास कार्बन दिवसभरात ओढून घेतो.

आणि कधी अजिबात ठेवू नये

औषध चालू असताना. इथे एक बारीक चूक होते: कार्बन सहा महिने जुना आहे, आता काय धरणार, म्हणून तो तसाच राहू दिला जातो. जुन्या कार्बनमध्येही थोडी जागा शिल्लक असू शकते आणि औषधाची मात्रा नेमकी तेवढीच कमी पडते. अर्धवट मात्रेने रोग जात नाही, फक्त लांबतो. म्हणून नवा-जुना न बघता काढा. (मिथिलीन ब्लू जिवाणूंच्या वसाहतीलाही मारतं, त्यामुळे ते मुख्य टाकीत न वापरता वेगळ्या उपचार टाकीत वापरलेलं बरं.)

टॅनिनचं तपकिरी पाणी मुद्दाम ठेवलेल्या टाकीत. जंगली बदामाची पानं टाकायची आणि मागून कार्बनने त्यांचा अर्क काढून घ्यायचा, हा उद्योग लोक करतात.

दाट वनस्पतींच्या टाकीत थोडं तारतम्य हवं. द्रवखतातलं लोह सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून दिलेलं असतं. कार्बन तो रेणू धरू शकतो आणि त्याच्यासोबत लोहही जातं. पोटॅशियम आणि नायट्रेट मात्र जागच्या जागी राहतात. म्हणून अशा टाकीत कार्बन कामापुरता, दोन-तीन दिवस चालवा आणि खत तो काढल्यावर घाला.

कोणता घ्यावा

छोट्या गोळ्यांच्या रूपातला कार्बन किंवा १ ते २ मिलिमीटरचे दाणे घ्या. मोठे, काचेसारखे चमकणारे, वजनाला जड तुकडे बहुधा हलक्या प्रतीचे निघतात. चांगला दाणा मंद काळा आणि हलका असतो. भुकटी फिल्टरसाठी नाहीच, ती जाळीतून निसटते.

करवंटीच्या कार्बनची छिद्रं फार बारीक असतात, क्लोरीन आणि वासाच्या लहान रेणूंसाठी तो उत्तम. टॅनिनसारखे मोठे रेणू त्यात शिरत नाहीत, त्यांना दगडी कोळशापासून बनवलेला, मिश्र छिद्रांचा कार्बन बरा. पाकिटावर मूळ पदार्थ लिहिला असेल तर बघून घ्या. औषधं आणि पिवळेपणा हीच मुख्य कामं असतील तर कोळशाचा.

राख जास्त असलेला कार्बन पाण्यात फॉस्फेट सोडतो आणि सुरुवातीला पीएच वर नेतो. आम्लाने धुतलेला असा उल्लेख असलेल्या कार्बनमध्ये हा त्रास कमी. तपासायचं तर २५० मिलिलिटर आरओ किंवा डिस्टिल्ड पाण्यात एक मोठा चमचा कार्बन रात्रभर ठेवा आणि सकाळी फॉस्फेट मोजा. किटचा रंग ठळक चढला तर ते पाकीट शेवाळाने त्रस्त टाकीत वापरू नका.

काळ्या दाण्यांत पांढरे-करडे खडे मिसळलेले दिसले तर ते जिओलाइट. ते गोड्या पाण्यात अमोनिया धरतं, पण पाण्यात मीठ आलं की सोडियम त्याची जागा घेतो आणि धरलेला अमोनिया पाण्यात सुटतो. असं मिश्रण फिल्टरमध्ये असताना आजारी माशांसाठी टाकीत मीठ टाकणं धोक्याचं आहे. आधी मिश्रण बाहेर, मग मीठ.

मोजमाप, धुणं, बसवणं

मात्रा टाकीच्या खोक्यावरच्या लिटरवर नाही, प्रत्यक्ष पाण्यावर धरा. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी कागदावर ६४.८ लिटर भरते. वरची मोकळी जागा, वाळू, दगड वजा केले की ५० ते ५५ लिटर उरतं. साध्या देखभालीसाठी १०० लिटरला ५० मिलिलिटर कार्बन, म्हणजे वजनात साधारण २५ ग्रॅम, हे सुरुवातीचं प्रमाण ठीक आहे. वरच्या टाकीला १५ मिलिलिटरचे दोन सपाट चमचे झाले. औषध काढायला दुप्पट ते तिप्पट.

नवा कार्बन पाण्यात टाकला की बारीक तडतड ऐकू येते, दाण्यांतून बुडबुड्यांच्या माळा निघतात आणि काही दाणे चक्क तरंगत राहतात. छिद्रांत अडकलेली हवा बाहेर पडत असते. ती निघाल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, म्हणून घालण्याआधी निदान काही तास, जमल्यास रात्रभर भिजवा. मग बारीक जाळीच्या पिशवीत भरून बादलीत हलवत धुवा. पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल. ते स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदलत राहा. नवा कार्बन नळाच्या पाण्याने धुवायला हरकत नाही, त्यावर अजून जिवाणू नाहीत. धुण्यात कंटाळा केला तर काळी धूळ पानांवर आणि वाळूवर बसते, आणि पंपाच्या फिरकीत गेलेले दाणे तिला घासत राहतात.

पिशवी दोन-तृतीयांश भरा आणि ट्रेमध्ये सपाट पसरा. गच्च भरलेल्या गोळ्याच्या बाजूने पाणी वाट काढतं आणि आतला कार्बन कोराच राहतो. जागा शेवटची: कॅनिस्टरमध्ये आधी खरबरीत स्पंज, मग फ्लॉस, मग सिरॅमिक, मग कार्बन. मागे टांगलेल्या फिल्टरमध्ये स्पंजच्या मागे. टॉप फिल्टरमध्ये फ्लॉसच्या खाली. गाळ आधी अडला नाही तर दाण्यांची तोंडं चिखलाने बुजतात आणि आतली छिद्रं न वापरताच वाया जातात. हवेवर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरला कार्बनची जागाच नसते. टाकीत नुसती लोंबकळत सोडलेली पिशवी फारसं काही करत नाही, कारण तिच्यातून पाणी फिरत नाही. अशा टाकीला पाणी बदलणं हाच मार्ग सरळ.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत

इथे कार्बनची बाजू जास्त मजबूत आहे. मऊ प्रवाळं एकमेकांविरुद्ध पाण्यात रसायनं सोडतात, आणि वेगवेगळ्या जाती एकाच टाकीत कोंबल्या असतील तर कार्बन हे युद्ध थोडं थंड ठेवतो. शिवाय पिवळं पाणी निळा प्रकाश खातं, जो प्रवाळांना लागतो.

पण याच कारणाने घाई अंगलट येते. महिनोन्‌महिने पिवळ्या पाण्यात राहिलेल्या प्रवाळांवर एका दिवसात स्वच्छ पाण्यातून पूर्ण प्रकाश पडला तर ती पांढरी पडू शकतात. पहिल्यांदा ठरलेल्या मात्रेचा पाव हिस्सा घाला, दर आठवड्याला थोडा वाढवा, वाटल्यास दिव्याची तीव्रता काही दिवस कमी ठेवा. दर महिन्याला सगळा बदलण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी थोडा बदललेला चांगला. रिअ‍ॅक्टर (कार्बनच्या दाण्यांतून पाणी ढकलणारं नळकांडं) वापरत असाल तर दाणे जेमतेम हलतील इतकाच प्रवाह ठेवा. गरागरा फिरले तर एकमेकांवर घासून भुकटी होते. ही भुकटी बिनधोक समजू नका: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओशन सर्जन माशांवरच्या प्रयोगात सगळा प्रवाह कार्बनमधून नेलेल्या माशांना डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर त्वचा झिजण्याचा विकार झाला होता. सर्जनफिश किंवा टँग पाळणाऱ्यांनी कार्बन कायम न ठेवता लागेल तेव्हा, कमी मात्रेत आणि नीट धुऊनच वापरावा.

संपला हे कसं ओळखायचं

बघून कळत नाही, वासावरूनही नाही. साध्या टाकीत ३ ते ४ आठवडे धरा, ड्रिफ्टवुडवाल्या टाकीत त्याहून कमी. शंका असेल तर दोन काचेच्या पेल्यांत २००-२०० मिलिलिटर पाणी घ्या, प्रत्येकात मिथिलीन ब्लूचा एकेक थेंब टाका. फिकट निळा रंग यावा, गडद नको. एका पेल्यात फिल्टरमधला धुतलेला कार्बन एक मोठा चमचा घाला, दुसरा तसाच ठेवा, अधूनमधून ढवळा. ताजा कार्बन काही तासांत पाणी जवळजवळ रंगहीन करतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही पेले सारखेच निळे दिसले तर कार्बनचं काम संपलंय. चाचणीतला कार्बन परत टाकीत घालायचा नाही.

संपलेला कार्बन धरलेलं सगळं एका रात्रीत टाकीत ओकतो ही भीती मात्र फारच फुगवलेली आहे. तसा तो जिवाणूंचं घर होऊन पडून राहिला तरी चालतं, फक्त औषध देण्याआधी काढायचं लक्षात ठेवा.

उकळून, उन्हात वाळवून किंवा ओव्हनमध्ये भाजून तो पुन्हा ताजा होत नाही. छिद्रांतलं चिकटलेलं द्रव्य सोडवायला ७०० अंशांच्या वरचं तापमान आणि प्राणवायू नसलेली भट्टी लागते. ओव्हनच्या २५० अंशांत पाणी उडतं आणि घरभर वास सुटतो, एवढंच. पुन्हा-पुन्हा वापरता येणारं काही हवं असेल तर प्युरिजेनसारखी कृत्रिम रेझिन्स आहेत. ती भरली की तपकिरी होतात, ब्लीचमध्ये भिजवून परत पांढरी करता येतात. मात्र ब्लीचनंतर डीक्लोरिनेटरमध्ये भिजवण्याची पायरी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण करावी लागते. ती टाळली तर क्लोरीन सरळ टाकीत.

उघडलेलं कार्बनचं पाकीट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि रंग, थिनर, अत्तर, फवारे यांच्यापासून दूर. तो हवेतलंही ओढून घेतो. अशा कपाटात वर्षभर उघडा पडलेला कार्बन टाकीत घालण्याऐवजी फेकलेला बरा. औषध शोषलेला कार्बन वाळवून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा दुसऱ्या टाकीत नको.